म्हापशातील एक ऑटो इलेक्ट्रिक गॅरेज : ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नसेल तर जावे असे ठिकाण

सेल्फ (म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) फिरत नाही अशी तक्रार ऐकल्यावर, बॉनेट उघडण्यापूर्वी ‘गाडी ऑटोमॅटिक की गिअरची?’ असे विचारणारे कारागीर फार थोडे आहेत. म्हापशाच्या बाजारामागील गल्लीतल्या या लहानशा गॅरेजात पहिला प्रश्न हाच आला, आणि माझ्या मते या गॅरेजची सगळी किंमत त्या प्रश्नात आहे.

आमची गाडी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली जुनी ऑटोमॅटिक. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागत, पण स्टार्टरचा साधा ‘टक्’ आवाजही येत नसे. दुसऱ्या एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली आणि दोष कायम राहिल्यावर नवीन स्टार्टरचा खर्च सांगितला. येथे कारागिराने ब्रेक दाबून लिव्हर पार्कमधून न्यूट्रलमध्ये घ्यायला लावला आणि गाडी तत्काळ सुरू झाली. मग त्याने स्टार्टरकडे जाणाऱ्या बारीक वायरीला मल्टिमीटर लावून दाखवला : पार्कमध्ये चावी फिरवली तर काटा हलत नव्हता, न्यूट्रलमध्ये मात्र वीज पोहोचत होती. म्हणजे स्टार्टर निर्दोष होता. त्याला हुकूमच मिळत नव्हता.

ऑटोमॅटिक गाडी ड्राइव्हमध्ये असताना इंजिन सुरू झाले, तर ती ब्रेक नसल्यास लगेच सरकू लागेल. म्हणून गिअरबॉक्सवरील इनहिबिटर स्विच लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टरला परवानगी देत नाही. गिअरच्या गाडीत ही जबाबदारी चालकाच्या डाव्या पायावर असते. अनेक नव्या गाड्यांत क्लच पेडलपाशी स्विच असतो, जुन्या बहुतेक गाड्यांत तोही नसतो आणि गिअरमध्ये चावी मारली की गाडी पुढे उसळते. स्टार्टरचे काम मात्र दोन्हीकडे तेच : मॅन्युअलमध्ये तो जड फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याला फिरवतो, ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरला जोडलेल्या पातळ फ्लेक्सप्लेटच्या कड्याला.

आमच्या स्विचच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढला होता. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या बार्देश तालुक्यात याचे नवल वाटू नये. पिना साफ करून आणि स्विच नीट बसवून काम झाले. खर्च त्या सांगितलेल्या स्टार्टरच्या मानाने अगदीच किरकोळ आला.

जाता जाता त्याने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्याची जम्पर केबल गाडीत ठेवण्याचा सल्ला दिला, आणि तो योग्यच आहे. बॅटरी उतरलेली मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू करता येते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तो उपाय चालत नाही, कारण गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनवरच चालतो आणि बंद इंजिनात तेलाचा दाब तयारच होत नाही, त्यामुळे गिअर पकडतच नाही.

उणिवाही आहेत. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि शुक्रवारी बाजारामुळे गाडी आत नेणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणाऱ्या) गाड्यांत क्लच यंत्रणाच दाबते. त्या यंत्रणेचा, म्हणजे ॲक्च्युएटरचा, दोष शोधायला लागणारा स्कॅनर येथे नाही. अशी गाडी आली तर हात न लावता तो ती सरळ कंपनीच्या वर्कशॉपकडे पाठवतो.