ईपीबीची (इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची) मोटर गेली तर अख्खा कॅलिपर घ्यायचा का नुसता ॲक्च्युएटर, म्हणजे नुसती मोटर?

इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या चाकाची पार्किंग ब्रेकची मोटर बंद पडली की हातात कोटेशन येतं ते अख्ख्या कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणाऱ्या पूर्ण भागाचं, मोटरसकट, मजुरी वेगळी. आणि मग कोणीतरी गॅरेजवाला सांगतो की अहो नुसती मोटर मिळते, दोन बोल्टचं काम आहे, कशाला एवढे पैसे घालताय. माझ्या गाडीवर आज दोन्ही प्रकार बसलेले आहेत. डाव्या चाकाला पूर्ण कॅलिपर टाकला आणि नंतरच्या पावसाळ्यात उजवी बाजू गेली तेव्हा फक्त ॲक्च्युएटर, म्हणजे गाडी तीच, रस्ते तेच, चालवणारा पण तोच. त्यामुळे ज्यांना सध्या हा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, सरळ कंपनीकडे न्या. आणि हे सगळं कॅलिपरच्या पाठीवरच मोटर बसवलेली असते त्या पद्धतीबद्दल आहे, केबल ओढणारी जुनी पद्धत असेल तर तुमचं गणित वेगळं.

कुठलाही पार्ट मागवायच्या आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्या. ईव्ही असली तरी ही मोटर मोठ्या बॅटरीवर नाही चालत, त्या छोटीवरच चालते आणि ब्रेक आवळताना शेवटी शेवटी चांगलाच करंट ओढते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ च्या वर जातं, त्या उन्हात लेड-ॲसिड बॅटरी लवकर मान टाकते आणि दिवा मात्र पार्किंग ब्रेकचा लागतो. खरंच मोटर गेलेली असली की बटण ओढल्यावर एका चाकातून आवाज येतो आणि दुसरं गप्प, नाहीतर मोटर नुसतीच फिरते आणि पॅड आवळतच नाहीत, म्हणजे आतला गिअर गेला.

आमच्या भडगाव-चाळीसगाव पट्ट्यात या मोटरी जायचं कारण मला तरी काळी माती वाटते. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सोडतात, तो उडून चाकाच्या आतल्या बाजूला जातो, आणि मोटर नेमकी तिथेच असते. वाळला की दगड होतो, परत भिजतो, परत वाळतो, त्यात ओल धरून राहते. माझ्या दोन्ही मोटरींच्या कनेक्टरमध्ये पिनांवर हिरवा थर होता, आणि डावी उघडून बघितली तर आतून गंजाचं पाणी निघालं.

आता कॅलिपरची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. नवा पिस्टन, नवे रबर बूट, नवं सील, मोटर बसवलेलीच येते. ईव्हीत तर याला जास्त अर्थ आहे कारण रिजेनमुळे, म्हणजे पाय उचलला की गाडी चालवणारी मोटरच वीज बनवत वेग कमी करते त्यामुळे, मागचे ब्रेक फारसे लागतच नाहीत, पेट्रोल गाडीत वापरून वापरून डिस्क घासून साफ राहते, इथे ती गंजत बसते आणि गाईड पिना, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या, जाम होतात. चार-पाच वर्षं गावच्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर जुन्या कॅलिपरवर नवी मोटर लावायची म्हणजे थोडी धाकधूक असतेच. शिवाय बिल मिळतं, पार्टची गॅरंटी मिळते, कोणाशी वाद घालावा लागत नाही. डाव्या बाजूचं काम काढलं तेव्हा मीही हाच विचार केला होता आणि तो विचार आजही मला चुकीचा वाटत नाही.

पण कॅलिपर बदलायचा म्हणजे ब्रेकची लाइन सोडावी लागते, आणि लाइन सोडली की हवा आत. माझं मत फिरलं ते या एका गोष्टीमुळे.

डाव्या बाजूचं काम झालं, रोड टेस्ट ओके म्हणून गाडी ताब्यात मिळाली, गावात फिरवली, बाजारात नेली, काहीच जाणवलं नाही. जाणवणार तरी कसं, ईव्हीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की निम्मी गाडी रिजेननेच थांबते, ब्रेकवर पाय पडतो तो शेवटी हलकासा. मग कन्नडला मावशीकडे मुक्काम झाला, रात्रभर १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावून ठेवली, सकाळी बॅटरी फुल्ल, आणि चहा घेऊन लगेच औट्रम घाट उतरायला निघालो. बॅटरी १०० टक्के असली की तिच्यात वीज भरायला जागाच नसते, त्यामुळे रिजेन जवळपास बंद, आणि उतारावर सगळा भार पायाच्या ब्रेकवर. दोन-तीन वळणं झाली आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, मऊ, दोनदा मारलं की वर यायचं आणि परत खाली. ब्रेक फेल वगैरे काही नव्हतं, गाडी थांबत होती, पण शेजारी आई बसलेली, एका बाजूला दरी, मागे गाड्यांची रांग, अशा वेळी पायाखाली पेडल पोकळ लागणं म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. चाळीसगाव येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

परत नेली, ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करून दिलं, थोडा फरक पडला, पण पेडल पूर्ण वर नाही आलं. कारण नंतर कळलं. लाइन उघडी असताना टाकीतलं ब्रेक ऑईल फार खाली गेलं तर हवा एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) युनिटपर्यंत पोचते, आणि तिथे अडकलेली हवा नुसतं पेडल मारून, निप्पल उघडून निघत नाही, स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या मशीनने, एबीएसचा पंप चालवूनच काढावी लागते. तसं करणारा माणूस सापडेपर्यंत गाडी घाटात न्यायची माझी हिंमत झाली नाही. त्याने केलं आणि पेडल जागेवर आलं, तेव्हापासून कॅलिपरची काही तक्रार नाही. म्हणजे पार्ट चांगलाच होता, त्रास दिला तो तो बसवताना कराव्या लागणाऱ्या कामाने.

उजवी बाजू गेली ती ब्रेक लागलेला असतानाच, चाक जाम, गाडी अंगणातून हलेना. मोटर मेलेली असली की स्कॅनरचा मेंटेनन्स मोड (कामासाठी ब्रेक सोडवणारा) पण त्या बाजूला काही करू शकत नाही, आणि १२ व्होल्टची वायर काढली तरी ब्रेक सुटत नाही, आतला स्पिंडल, म्हणजे पिस्टन ढकलणारा स्क्रू, जिथे आवळला तिथेच राहतो. टोइंग बोलवायच्या ऐवजी गावातल्या गॅरेजवाल्या दादाला घरीच बोलावलं. आधी बाकीच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हे अजिबात टाळू नका कारण ब्रेक सुटतो त्या क्षणी गाडी मोकळी होते. जॅक फक्त कंपनीने दाखवलेल्या पॉइंटवर, मधे सगळा बॅटरीचा तळ आहे, तिथे जॅक लावला तर मोटर राहील बाजूला आणि भलताच खर्च निघेल. केशरी, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या, वायरींचा या कामाशी संबंधच येत नाही, त्यामुळे तेवढी भीती नको.

चिखल धुतला, कनेक्टर काढला, दोन बोल्ट काढले आणि मोटर हलवत हलवत मागे ओढली, ओ-रिंग चिकटलेली असते म्हणून जरा वेळ लागतो. मागे कॅलिपरच्या पाठीवर स्पिंडलचं दातेरी टोक दिसतं. त्यावर सॉकेट बसवून दादाने सावकाश फिरवलं, आधी कडक गेलं, मग एकदम हलकं झालं, आणि चाक हाताने फिरलं. तो म्हणाला, "भाऊ, हाई ते मस्त फिरी ऱ्हायनं, कॅलिपर कसाले बदलतस?" (हे तर मस्त फिरतंय, कॅलिपर कशाला बदलता?) आणि माझ्या मते अख्खा निर्णय याच टोकावर आहे. स्पिंडल शेवटपर्यंत एकसारखा, न अडकता फिरला, पिस्टनचा बूट फाटलेला नसला, कुठे ऑईल पाझरत नसलं आणि गाईड पिना ग्रीस लावून मोकळ्या होत असल्या, तर कॅलिपर चांगलाय, मेलीय ती फक्त मोटर. स्पिंडल फिरवताना कचकच लागली किंवा मधेच अडला तर मात्र पाणी कॅलिपरच्या आत पोचलेलं असू शकतं, मग मोह धरू नका, कॅलिपरच घ्या, मीही तेच केलं असतं.

नवी मोटर मागवताना जुनीच्या स्टिकरवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. डावी-उजवी वेगळी असू शकते, दात कमी-जास्त असू शकतात, आणि फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. सोबत नवी ओ-रिंग घ्याच, जुनी परत लावली तर काळी माती परत आत येणारच. बसवताना दात जुळेपर्यंत हातानेच फिरवत आत सरकवायची, बोल्ट आवळून ओढली तर मोटरचे कान तुटतात. मग स्कॅनरने कॅलिब्रेशन, कारण ब्रेक पुरेसा आवळला का नाही हे मोड्यूल, म्हणजे पार्किंग ब्रेक चालवणारा कॉम्प्युटर, मोटर किती करंट ओढतेय त्यावरून ठरवतं, त्याला नव्या मोटरची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्यांत बटण दोन-चार वेळा ओढून-सोडून पण होतं म्हणतात, मी स्कॅनरनेच केलं. ब्रेक ऑईलचा एक थेंब सांडला नाही, पायाचं पेडल जसं होतं तसं राहिलं. पैसे कॅलिपरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागले, पण खरं सांगायचं तर पैसे जास्त लागले असते तरी मी हेच निवडलं असतं.

याची कमजोर बाजू पण आहे. स्कॅनरवाला माणूस इथेही लागतोच, पार्ट चुकीचा आला तर परत पाठवायची कटकट तुमची, आणि काम केलेल्या गॅरेजकडून गॅरंटीचा कागद मिळेलच असं नाही. ज्याच्या ओळखीत भरवशाचा कारागीर नाही त्याने नुसतं स्वस्त पडतं म्हणून या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. आणि एक प्रकार तर कोणीच करू नये, बॅटरीच्या दोन वायरी थेट मोटरला लावून ब्रेक सोडवणं. मोड्यूल असताना कुठे थांबायचं ते मोड्यूल ठरवतं, थेट वायर लावली की थांबवणारं कोणी नाही, स्पिंडल शेवटाला जाऊन अडकला की चांगला कॅलिपर पण जातो.

आता दोन्ही बाजू सारख्याच धरतात, मला तरी चढावर उभी करताना काही फरक वाटत नाही. उन्हाळ्यात लांबून येऊन गाडी लॉक केली की थोड्या वेळाने मागून परत घुर्र आवाज येतो, ते बघून घाबरू नका, तापलेली डिस्क थंड होताना आकसते, पकड सैल पडते, म्हणून सिस्टीम स्वतःच परत आवळून घेते. हा आवाज दोन्ही चाकांतून येतोय ना तेवढं कान देऊन बघत चला.

आणि एवढं करून कॅलिपरच घ्यायचा ठरला, तर काम देतानाच विचारा की ब्लीडिंग स्कॅनर लावून करणार का, टाकीतलं ऑईल खाली जाऊ देऊ नका असं स्पष्ट सांगा, आणि गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी बॅटरी फुल्ल करून मागा, मग मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून पेडल कुठपर्यंत जातं ते स्वतः बघा, सही त्यानंतर करा.