जिन्याच्या दाराशेजारची खोली: वसतिगृहातील आठ महिन्यांचा अनुभव

विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रथम वर्षाची विद्यार्थिनी म्हणून राहायला येऊन मला आठ महिने झाले. हा अनुभव वर्ष संपल्यावर सावकाश लिहायचा असे ठरवले होते. परंतु गेल्या मंगळवारी रात्री पावणेदोन वाजता जिन्याचे दार पुन्हा आपटू लागले, म्हणून आताच लिहायला बसले आहे. खोलीत दोन खाटा, दोन टेबले आणि दोन कपाटे, मजल्यावर सामाईक स्नानगृहे, तळमजल्यावर भोजनगृह आणि कपडे धुण्याची यंत्रे ही रचना बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे तिचे वर्णन करत नाही. आपली खोली मजल्यावर नेमकी कोठे आहे, ही गोष्ट मात्र माहितीपत्रकात कधीच छापलेली नसते आणि माझे पहिले वर्ष तिनेच ठरवले.

माझी खोली जिन्याच्या दाराला लागून आहे. हे दार अग्निरोधक आहे, म्हणजे जाड, जड आणि सोडताच आपोआप बंद होणारे. त्याच्या वरच्या कडेला डोअर क्लोजर बसवलेला असतो, ज्याच्या आत स्प्रिंग आणि तेल असते. दार उघडताना स्प्रिंग दाबली जाते. बंद होताना ती दाराला ओढते आणि अरुंद वाटेने सरकणारे तेल तिचा जोर आवरते. हे सगळे मला पहिल्या आठवड्यात ठाऊक नव्हते. तेव्हा एवढेच कळत होते की कोणीही ये-जा केली की खाटेचा लोखंडी सांगाडा हलतो. तिसऱ्या रात्री मी वहीत खुणा केल्या, तेव्हा अकरा ते एक या दोन तासांत दार सदतीस वेळा आपटले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शयनकक्षात सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. माझ्या मोबाइलवरील मापक उशीजवळ सत्तरच्या वर जात होता. मोबाइलचे माप प्रयोगशाळेतील उपकरणाइतके अचूक नसते, हे मान्य. पण दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, हे लक्षात घेतले तर मापात पाच-सात अंकांची चूक धरूनही फार फरक पडत नाही. अठरा ते पंचवीस वर्षे वयाला सात ते नऊ तास झोप लागते असे झोपेचे अभ्यासक सांगतात. मला पहिले दोन महिने जेमतेम साडेपाच तास मिळाली, तीही तुकड्यातुकड्यांत.

माझ्या रूममेटला मात्र काहीच त्रास नव्हता. ती खाटेवर पडली की झोपते आणि सकाळी दाराचे नावही काढत नाही. सुरुवातीला मला वाटले की दोष माझ्यातच आहे, सवय झाली की मीही अशीच झोपेन. नंतर वाचनात आले की माणूस जागा झाला नाही तरी रात्रीच्या आवाजाने हृदयाची गती वाढते आणि ही प्रतिक्रिया सवयीने पूर्णपणे जात नाही. त्यामुळे ‘सवय करून घे’ हा सल्ला, जो मला कार्यालयातून दोनदा मिळाला, मी आता कोणालाही देणार नाही.

काही उपाय मी स्वतः केले आणि ते सांगण्यासारखे आहेत. फोमचे इअरप्लग प्रयोगशाळेतील चाचणीत सुमारे ३० डेसिबल आवाज कमी करतात, पण नुसते कानात टेकवले तर त्याच्या निम्माही फायदा होत नाही. ते बोटांत वळून बारीक करावे लागतात, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा लागतो, आणि प्लग आत फुलेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा लागतो. ही पद्धत कळायला मला तीन आठवडे लागले आणि तोवर दोन पाकिटे वाया गेली, याचे अजून वाईट वाटते. इअरप्लगपेक्षा जास्त उपयोग खाट सरकवल्याचा झाला आणि त्याला काहीच खर्च आला नाही. दाराचा धक्का चौकटीतून भिंतीत आणि भिंतीतून खाटेत येतो. तो कानावाटे येत नसल्यामुळे कान बंद करून थांबत नाही. खाट भिंतीपासून वीतभर दूर घेतली आणि उशी दुसऱ्या टोकाला ठेवली, तेव्हा हादरा जवळजवळ नाहीसा झाला. भिंतीला चिकटलेली खाट पहिल्याच दिवशी ओढून घ्या, एवढे तरी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने करावे.

आवाज टाळण्यासाठी आम्ही रात्री खिडकीही बंद ठेवत होतो आणि ती चूक ठरली. जिन्यातील आवाज इमारतीच्या बाहेरूनही फिरून येतो, म्हणून झडप लावायची असा आमचा हिशेब होता. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतील हवेसाठी १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती आणि आजही चांगल्या वायुवीजनाची खूण म्हणून तोच आकडा अनेक ठिकाणी वापरला जातो. दोन माणसे झोपलेल्या लहान बंद खोलीत सकाळपर्यंत तो सहज २,००० च्या पुढे जातो. सकाळचे जड डोके आम्ही अपुऱ्या झोपेच्या माथी मारत होतो, त्यात कोंदट हवेचाही वाटा होता. त्यात ओले टॉवेल खोलीतच वाळत घातल्यामुळे कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. ती दिसल्यावर मला पहिली चिंता आरोग्यापेक्षा अनामत रकमेची वाटली. सुदैवाने खोलीचा ताबा घेताना मी प्रत्येक भिंतीचे आणि कपाटाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र काढले होते. त्यात भिंतीवरचा ओलाव्याचा जुना डाग स्पष्ट दिसत होता, म्हणून रंगकामाचा खर्च आमच्या नावावर लागला नाही.

आता तक्रारींविषयी. पहिल्या तीन महिन्यांत मी तक्रार वहीत तीनदा लिहिले, ‘जिन्याचे दार आपटते’. तिन्ही वेळा शेरा आला, ‘दार तपासले, ठीक आहे’. या शेऱ्याचा मला फार संताप येत असे. तपासणी दुपारी होत असे, त्या वेळी व्हरांड्याची खिडकी बंद असे, आणि तपासणारा माणूस दार हाताने धरून हळूच लावत असे. रात्री खिडकी उघडी राहिली की वारा दाराला मागून ढकलतो आणि तेच दार वेगळे वागते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

चौथ्या महिन्यात मजल्यावरील कोणीतरी दाराखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. दार उघडेच राहू लागले. तीन आठवडे मी इतकी शांत झोपले की अभ्यासातही फरक जाणवला, आणि पुठ्ठा निसटला तर मी स्वतः तो परत बसवत असे. मग आग लागल्यास इमारत रिकामी करण्याचा सराव झाला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो पुठ्ठा हातात धरून विचारले की हे दार कशासाठी आहे, ते कोणाला माहीत आहे का. कोणीच बोलले नाही. आगीत बहुतेक माणसे ज्वाळांपेक्षा धुराने दगावतात. अशी दारे साधारणपणे ३० किंवा ६० मिनिटे आग आणि धूर अडवतील या हिशेबाने बनवलेली असतात, आणि त्यांच्या कडेला उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी असते. पण दार उघडे असेल तर त्या साऱ्याचा काही उपयोग नाही. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे अमेरिकेतील सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहात आग लागली आणि प्रथम वर्षाचे तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्याआधी खोट्या इशाऱ्याची घंटा वारंवार वाजल्यामुळे अनेकांनी त्या रात्रीची घंटाही मनावर घेतली नव्हती. हे ऐकल्यावर तीन आठवड्यांच्या त्या शांत झोपेची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी दाराला पाचर लावली नाही आणि दुसऱ्याने लावली तर काढते. मजल्यावर यावरून दोघींशी माझे वाजले, पण या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही.

याच काळात दाराविषयी माझे मत बदलले. जड आणि आपोआप बंद होणारे दार ही तक्रार होऊच शकत नाही. ते किती वेगाने बंद होते, एवढीच तक्रार आहे. क्लोजरला सहसा दोन स्क्रू असतात. एक दार पूर्ण उघडे असल्यापासून चौकटीजवळ येईपर्यंतचा वेग ठरवतो आणि दुसरा शेवटच्या दहा-पंधरा अंशांचा, ज्यात लॅचची जीभ खाचेत बसते. अपंगांना इमारतींत सहज वावरता यावे यासाठीच्या अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार दाराला ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत यायला किमान पाच सेकंद लागले पाहिजेत. आमचे दार पूर्ण बंद व्हायला दोन सेकंदही घेत नव्हते. चौथ्यांदा तक्रार लिहिताना मी हे सर्व लिहिले: रात्रीची वेळ, उघडी खिडकी, मोजलेले सेकंद, शेवटच्या टप्प्याचा वेग. सोबत वॉर्डन मॅडमना मोबाइलवर चित्रफीत पाठवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्तीचे काका आले. त्यांनी खिडकी उघडायला सांगितली, दार सोडून पाहिले, क्लोजरचे झाकण काढले आणि दोन्ही स्क्रू जेमतेम पाव-पाव फेरा उजवीकडे फिरवले. पाच मिनिटेही लागली नाहीत. दार सावकाश आले, चौकटीजवळ अधिकच मंदावले आणि नुसता ‘टक्’ आवाज झाला. मी काकांना विचारले की याआधी हे कोणी का केले नाही. ते म्हणाले, “दार आपटतं असं लिहिलं की आम्ही बिजागरी बघतो, बाई. क्लोजर लिहिलंत म्हणून पेचकस घेऊन आलो.” मग थंडीत तेल घट्ट होते, दार अर्धवट राहते, म्हणून कोणीतरी वेग वाढवतो, आणि ऊन वाढले की तेल पातळ होऊन तेच दार आपटू लागते, हेही त्यांनीच समजावले. चार महिन्यांचा मनस्ताप पाव फेऱ्याचा होता, हे मला त्या रात्री बराच वेळ पटत नव्हते.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मला या खोलीची दुसरी बाजू दिसली. जिन्याने वर-खाली जाणारी प्रत्येक मुलगी माझ्या उंबऱ्यावरून जाते. व्हरांड्याच्या टोकाच्या खोल्यांत राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणी अजून आपल्याच बाजूच्या चार-पाच जणींना ओळखतात; मी वरच्या दोन मजल्यांवरील पंधरा-वीस जणींना नावाने ओळखते, त्यांपैकी एकीबरोबर गणिताचा अभ्यास करते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी मैत्री कशी जुळते याचा अभ्यास केला होता, जो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या दाराशी मैत्री सर्वाधिक, आणि तळमजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अधिक ओळखी, असे त्यांना आढळले. माझा अनुभव याहून वेगळा नाही. घर सोडून प्रथमच एकटी राहायला आलेल्या मुलीला या ओळखींचा किती आधार होतो, ते मी अनुभवले आहे. पहिल्या सत्रात मी ही खोली बदलून मागितली होती आणि तो अर्ज फेटाळला गेला होता. आज तो मंजूर झाला नाही याचे मला समाधान आहे.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. गरम पाणी सकाळी साडेसातनंतर कमी पडते, त्याआधी भरपूर असते. इंटरनेट रात्री दहानंतर मंदावते. कपडे धुण्याची यंत्रे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी रिकामी मिळतात. भोजनगृहाविषयी मला विशेष तक्रार नाही. या सर्व मिळून मला दाराच्या दशांशही त्रास झाला नाही.

गेल्या मंगळवारी मात्र क्लोजरमधून तेल गळू लागले. जमिनीवर तेलकट ठिपका आहे आणि दार पुन्हा पहिल्यासारखे आपटते. या वेळी स्क्रू फिरवून उपयोग नाही. गळणारा क्लोजर बदलावाच लागतो, असे काका म्हणाले. कार्यालयाने नवीन क्लोजर पुढील वर्षाच्या खरेदीत घेऊ असे कळवले आहे. आमच्याकडून देखभाल शुल्क वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण घेतले जाते, मग एका क्लोजरसाठी वर्ष संपेपर्यंत थांबण्याचे कारण मला समजत नाही. मी पाचवी तक्रार लिहिली आहे. तेलाच्या ठिपक्याचे छायाचित्र जोडले आहे, दार अग्निसुरक्षेचा भाग आहे हे पहिल्याच ओळीत लिहिले आहे, आणि या वेळी खाली मजल्यावरील एकतीस जणींच्या सह्या आहेत. द्वितीय वर्षाच्या खोलीसाठीचा अर्जही काल भरला. पसंतीच्या रकान्यात हीच खोली लिहिली आहे, आणि विशेष विनंतीच्या रकान्यात नवीन क्लोजर.