क्रूझच्या आधी की नंतर? खान्देशातून सिंगापूरला जाताना बेटावरचा मुक्काम कधी आणि कुठे घ्यावा

सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ ठरली की पुढचा प्रश्न येतो तो बेटावरच्या रिसॉर्टचा. एवढ्या लांब जातोच आहोत तर दोन दिवस चांगल्या ठिकाणी राहावं, पण जहाजावर चढण्याआधी की उतरल्यावर? आणि कोणत्या बेटावर, सेंटोसा की बिंतान?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून निघणाऱ्यांना आमचा सल्ला असा: क्रूझच्या आदली रात्र सिंगापुरात काढायलाच हवी, पण ती साध्या, स्वच्छ हॉटेलात काढा. बेटावरचा मोठा खर्च उतरल्यानंतरच्या दोन रात्रींवर करा. दिवाळीच्या सुट्टीत सेंटोसा घ्या. मे महिन्यात जात असाल आणि शांतता हवी असेल तर बिंतान.

आदली रात्र कशासाठी

जहाज कुणासाठी थांबत नाही. सुटण्याच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं आणि त्यानंतर धक्क्यावर पोहोचलेल्याला आत घेत नाहीत, पैसेही सहसा बुडतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला फक्त विमानाची काळजी असते. आपल्याला त्याआधी भुसावळ किंवा जळगावहून सहा ते आठ तासांची रेल्वे असते, आणि पावसाळ्यात इगतपुरी-कसारा घाटात दरड आली की अख्खं वेळापत्रक कोलमडतं. धुळ्याहून जुन्या मुंबई-आग्रा महामार्गानं येणाऱ्यांनाही कसारा घाट लागतो. जळगाव-मुंबई विमान आहे, पण त्याच्या फेऱ्या मोजक्या. ते तिकीट वेगळं काढलेलं असेल आणि त्या विमानाला उशीर झाला, तर सिंगापूरची विमान कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून रात्रीच्या विमानासाठी सकाळीच मुंबईत पोहोचेल अशी गाडी धरा. जळगावकडून येताना कल्याण किंवा ठाण्याला उतरून टॅक्सी केली तर दादरपर्यंत जाऊन मागे यावं लागत नाही. नंदुरबारकडून सुरतमार्गे येणाऱ्यांना बोरिवली सोयीचं.

मग ही रात्र महागड्या रिसॉर्टमध्ये का नको? हिशेब पाहा. मुंबई-सिंगापूर प्रवास साधारण साडेपाच तासांचा, आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. रात्रीच्या विमानानं गेलात तर सकाळी सात-आठला उतरता, डोळ्यांवर झोप असते, आणि खोली मिळते दुपारी तीनला. दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला खोली सोडायची. हाती आले जेमतेम वीस तास, त्यातले दहा झोपेत गेले. सिंगापुरात खोलीच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं असतात. त्यांचा अर्थ १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी. ५०० सिंगापूर डॉलरची खोली प्रत्यक्षात ५९९ डॉलर ५० सेंटला पडते. शिवाय चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे ऐन प्रवासात हाताशी राहत नाहीत, तेव्हा क्रेडिट कार्ड द्या.

आधी राहणंच योग्य ठरतं असे दोन प्रसंग आहेत. सोबत सत्तरीचे आई-वडील किंवा अगदी लहान मूल असेल तर थकून थेट जहाजावर चढणं जड जातं. अशा वेळी सेंटोसावर दोन रात्री आधी घ्या, एक नव्हे. दुसरा प्रसंग वारांचा. सेंटोसावर शुक्रवार-शनिवारी स्थानिक लोकच सुट्टीला येतात, दर चढतात. क्रूझ शुक्रवारी सुटून सोमवारी परतत असेल तर आधीचे बुधवार-गुरुवार आणि नंतरचे सोमवार-मंगळवार दोन्ही स्वस्त. पण जहाज शुक्रवारी परतत असेल तर नंतरचा मुक्काम महाग पडेल. मग तो आधीच उरकावा.

उतरल्यानंतरचे दोन दिवस

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, साधारण दहा-अकरापर्यंत. त्या रात्रीतच उचलल्या जातात. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे सकाळी घालायचे कपडे, चप्पल, बीपीच्या गोळ्या आणि पासपोर्ट बॅगेत जाणं. एक हातपिशवी वेगळी भरा. चढतानाही हेच: बॅगा धक्क्यावर घेतात आणि केबिनशी संध्याकाळपर्यंत येतात. चहासाठी नेलेली विजेची किटली आणि इस्त्री बहुतेक जहाजांवर तपासणीत काढून ठेवतात, उतरताना परत देतात. सीलबंद चिवडा-शेव सहसा चालते, घरचं शिजवलेलं चालत नाही.

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तुम्ही इमिग्रेशन करून बाहेर पडता. रिसॉर्टची खोली पुन्हा तीनलाच. पण आता झोप झालेली असते, घाई नसते, परतीचं विमान दोन दिवसांवर असतं. बरेच रिसॉर्ट सामान ठेवून घेतात आणि तलाव वापरू देतात. आठवडाभर आधी मेल करून लेखी उत्तर घ्या. दोन रात्री घेतल्या की मधला एक दिवस पूर्ण तुमचा, आणि बेटावरच्या मुक्कामाचे पैसे वसूल होतात ते त्याच दिवशी.

सेंटोसा की बिंतान

सेंटोसा पुलानं सिंगापूरला जोडलेलं आहे. मरीना बे क्रूझ सेंटरवरून टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटं. हार्बरफ्रंटचं क्रूझ सेंटर तर समोरच. तिकिटावर कोणता धक्का लिहिलाय तो नीट वाचा, दोन्हींत गल्लत होते. शांग्री-ला रासा सेंटोसा हे रिसॉर्ट थेट सिलोसो किनाऱ्यावर आहे आणि मुलं असलेल्या कुटुंबांना सर्वांत सोपं. कपेला त्याहून शांत आणि बरंच महाग; १२ जून २०१८ ची ट्रम्प-किम भेट तिथलीच. २०२५ साली उघडलेल्या रॅफल्स सेंटोसात सगळे व्हिलाच, प्रत्येकाला स्वतःचा तलाव.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: सेंटोसाचा किनारा माणसानं घडवलेला आहे, वाळू बाहेरून आणलेली, आणि समोर नांगर टाकलेल्या मालवाहू जहाजांची रांग दिसते. निळाशार, रिकामा समुद्र मनात धरून गेलात तर मन खट्टू होईल. सेंटोसाची खरी कमाई सोय आहे. मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओ जवळ, आणि शाकाहारी जेवणाची ददात नाही. हार्बरफ्रंटहून जांभळ्या लाइनची एमआरटी (तिथली मेट्रो) थेट लिटल इंडियाला जाते, पाचवं स्टेशन. तिथलं कोमला विलास १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी.

बिंतान हे इंडोनेशियाचं बेट. तनाह मेरा फेरी टर्मिनलहून बोटीनं सुमारे तासाभरात. इथे खरा समुद्र आहे. बनियन ट्री रिसॉर्टचे व्हिला टेकडीच्या उतारावर, झाडीत. सांचाया त्यामानानं सपाटीवर, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना बरं. माकडं धीट आहेत. गच्चीचं सरकतं दार उघडं ठेवून आंघोळीला गेलात की फळांची टोपली रिकामी समजा. जैन किंवा शाकाहारी जेवण आधी कळवलं तर करून देतात, पण बाहेर पडून खायला पर्याय फार थोडे. सेवा शुल्क आणि करांची भर साधारण २१ टक्के.

अडचणी बिंतानच्या जास्त, आणि त्या आधी माहीत हव्यात. भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, माणशी (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन, आपला रुपया नव्हे). सिंगापूरचा व्हिसा ‘मल्टिपल’च हवा, कारण विमानानं एक, क्रूझहून दुसरा आणि बिंतानहून तिसरा असे तीन प्रवेश होतात. प्रत्येक प्रवेशासाठी एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याची माहिती देणारा फॉर्म, ऑनलाइन भरायचं, येण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. चार रात्रींच्या क्रूझवरून परतण्याचं कार्ड मुंबईत भरता येत नाही, म्हणून जहाज मधल्या बंदरात असताना तिथल्या नेटवर्कवर भरा. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं.

वेळेचा घोळ तर नेहमीचा. बिंतानचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. तिथून अडीचला सुटलेली बोट सिंगापूरला साडेतीनला पोचेल असं वाटतं, प्रत्यक्षात वाजतात साडेचार. त्यात इमिग्रेशन धरा आणि रात्री नऊनंतरचंच विमान घ्या. चांगी विमानतळ तनाह मेरा टर्मिनलहून जवळ आहे, ही जमेची बाजू. तनाह मेरा नावाचं एमआरटी स्टेशनही आहे, पण ते फेरी टर्मिनलजवळ नाही. टॅक्सीवाल्याला ‘फेरी टर्मिनल’ असंच सांगा. जहाजावरून उतरल्या दिवशी दुपारी बाराआधीची बोट धरू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे असतात, बिंतानची रिसॉर्ट आहेत तो लागोईचा किनारा नेमका त्या तोंडाला. बोट उसळते, पोहायला लाल निशाण लागतं. दिवाळीसाठी सेंटोसा म्हटलं ते यामुळे. आणि कोणत्याही महिन्यात क्रूझच्या आदल्या दिवशी बिंतानला राहू नका; एक फेरी रद्द झाली की जहाज गेलं.

फुकेत हा तिसरा पर्याय लोक सुचवतात, पण त्यासाठी वेगळं विमान धरावं लागतं आणि मे ते ऑक्टोबर त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. मालदीव या वाटेवर नाहीच. ती वेगळी सहल करा.

लग्नकार्याला जोडून निघालेल्यांसाठी एक सूचना: अंगावर सोनं जास्त असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परत येताना तेच दागिने आपलेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

बुकिंग करताना आधी क्रूझ, मग रद्द करता येणारं हॉटेल, मग व्हिसा, शेवटी विमान. रिसॉर्टचा ‘परतावा नाही’ असा स्वस्त दर घेऊ नका, व्हिसा हातात येईपर्यंत तर मुळीच नको. आणि फुकट रद्द करायची मुदत हॉटेलच्या घड्याळानं मोजतात: सिंगापूरची सहा वाजेपर्यंतची मुदत म्हणजे जळगावात दुपारचे साडेतीन.