मराठीत पहिला ब्लॉग: ब्लॉगर की वर्डप्रेस? काही महिन्यांच्या वापरानंतर

मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं), कृष्णाकाठचे जुने धंदे यांवर मराठीत लिहिते. हे लेखन बरेच महिने ब्लॉगर या गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेवर आहे. त्याच काळात ओळखीतल्या एका मंडळाचं वर्डप्रेस या दुसऱ्या यंत्रणेवरचं संकेतस्थळही माझ्याकडेच असल्यामुळे दोन्हींशी रोज गाठ पडते. पहिला ब्लॉग कुठे काढू, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर पक्कं आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर विकत घ्या, ते ब्लॉगरला जोडा आणि लिहायला लागा.

या विषयावर माहिती शोधली की वेग, प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) आणि कमाई यांचीच चर्चा सापडते. मराठीत लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. आपली देवनागरी त्या यंत्रणेत धड राहते का?

लिंकपासूनच सुरुवात करते. ‘हरिपूरच्या हळदीच्या पेवांची गोष्ट’ हा लेख मी तुलनेसाठी दोन्हीकडे टाकून पाहिला. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप देवनागरी लिंक तयार करतं, पण त्या लिंकला 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, साठवताना 3 बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची 3 चिन्हं होतात. म्हणजे एका अक्षराला 9 चिन्हं लागतात आणि बावीसेक अक्षरांत जागा संपते. माझी लिंक ‘हरिपूरच्या-हळदीच्या-पेवा’ इथे तुटली, अनुस्वारसुद्धा आत मावला नाही. शिवाय ती कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की अक्षरं जाऊन टक्क्याच्या खुणा आणि आकड्यांची लांबच लांब माळ दिसते. आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली तेव्हा तासगावच्या चुलतभावाचा लगेच फोन आला, “ताई, ही कसली लिंक पाठवलीस? उघडू का नको?” फसव्या लिंकांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. गावाकडचा वाचक व्हॉट्सॲपवरूनच येतो आणि तो लिंक बघूनच बिचकत असेल, तर आत कितीही चांगलं लिहा, काय उपयोग?

ब्लॉगरची तऱ्हा याच्या उलट. तिथे देवनागरी शीर्षक लिंकमधून पूर्ण गाळलं जातं आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ असं रोमन नाव लागतं, पुढच्या लेखांना त्यालाच आकडा चिकटतो. कोणती लिंक कोणत्या लेखाची, काही कळत नाही. उपाय मात्र सोपा आहे. लिहिताना उजवीकडच्या रकान्यात पर्मालिंक उघडायची, ‘कस्टम’ निवडायचं आणि रोमन अक्षरांत दोनतीन शब्द लिहायचे. हे प्रकाशित करण्याआधीच करा. एकदा लेख बाहेर गेला की तो पुन्हा मसुद्यात आणल्याशिवाय लिंक बदलता येत नाही, आणि बदलली की आधी वाटलेली लिंक मरते. वर्डप्रेसमध्येही लिंक हाताने रोमन करता येते, मी मंडळाच्या संकेतस्थळावर तेच करते. म्हणजे या बाबतीत दोघांनाही शिस्त लावावी लागते.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ब्लॉगरच्या तयार थीममधले, म्हणजे पानाच्या साच्यांमधले, फॉण्ट बहुतेक रोमन लिपीसाठीचे आहेत. मराठी मजकुराला मग वाचकाच्या फोनमधला जो असेल तो फॉण्ट लागतो आणि ओळी दाटीवाटीने येतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मी थीमच्या एचटीएमएलमध्ये गूगल फॉण्ट्समधला ‘मुक्ता’ जोडला आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपट केलं. ‘एक टाइप’ या अक्षररचनाकार मंडळींनी केलेला हा फॉण्ट फोनवर फार स्वच्छ दिसतो. आमच्या ओळखीचे एक अडते चष्मा न लावता लेख वाचून गेले, याचं मला मनापासून समाधान आहे. सेटिंगमध्ये ब्लॉगची भाषा मराठी ठेवली की तारखा आणि महिनेही मराठीत येतात.

जुना मजकूर असेल तर मात्र आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. आपल्याकडे स्मरणिका आणि दिवाळी अंक वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉण्टांत टाइप झाले. तो मजकूर थेट चिकटवला तर ब्लॉगर असो की वर्डप्रेस, चित्रविचित्र चिन्हंच दिसतात. रूपांतर केल्यावरही रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. नवं लेखन मी बरंचसं फोनवर बोलून टाइप करते. गूगलच्या कीबोर्डला ‘हळकुंड’ छान कळतं, ‘पेव’ला मात्र तो बरेचदा ‘पेय’ करून टाकतो.

आता पैशाचं. ब्लॉगरला काहीच द्यावं लागत नाही. आपलं डोमेन जोडायलाही नाही, आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही फुकट मिळतं. वर्षाला डोमेनचे साधारण हजाराच्या आसपास रुपये, एवढाच खर्च. जोडताना डोमेन विकणाऱ्याच्या पानावर दोन सी-नेम नोंदी भराव्या लागतात. एक गूगलच्या सर्व्हरकडे बोट दाखवणारी, दुसरी डोमेन तुमचंच आहे हे पटवणारी. दोन्ही ब्लॉगर स्वतः दाखवतं, जशाच्या तशा उतरवायच्या.

वर्डप्रेस म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. तिच्या मोफत योजनेत 1 जीबी जागा मिळते, पानावर त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. दुसरं ते खरं मुक्त सॉफ्टवेअर, 2003 पासूनचं, जे आपण होस्टिंग (भाड्याची सर्व्हरजागा) घेऊन स्वतः बसवतो. ते उत्तम आहे, पण घर बांधण्यासारखं आहे, दुरुस्ती कायमची मागे लागते. थीम, प्लगिन आणि मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवलं नाही तर कुणीतरी आत शिरतंच. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा दर बघून हुरळू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा, तो कित्येक पट असू शकतो.

आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे हे बघाच. आमच्या माहितीतल्या एका वाचनालयाने गावातल्याच एकाकडून संकेतस्थळ करून घेतलं होतं. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे त्याने धंदा बंद केला, नूतनीकरण राहिलं आणि वाचनालयाची इतकी वर्षांची छायाचित्रं, भाषणं, सगळं गेलं. त्या कार्यकर्त्यांची हळहळ मी पाहिली आहे. म्हणून नोंदणी तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर हवी, असं मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

ब्लॉगरचे दोष थोडे नाहीत. छायाचित्राला ओळ दिली की ते चित्र आणि ओळ मिळून एक टेबल करतं आणि फोनवर ते टेबल कधी कधी कडेबाहेर जातं. तळटीपांची सोय नाही. वर्डप्रेसमध्ये 2023 पासून तळटीपा मुळातच आहेत आणि संदर्भ देऊन लिहिणाऱ्याला त्यांची किंमत कळते. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांचं काय झालं हे लिहिताना कोणती माहिती कुठली, हे मला कंसात सांगत बसावं लागलं. नवीन सुधारणाही ब्लॉगरमध्ये फारशा येत नाहीत.

मग गूगलने हे बंद केलं तर? ही शंका खरी आहे. गूगलने 2013 मध्ये रीडर ही ब्लॉग वाचायची सेवा बंद केली, 2019 मध्ये गूगल प्लस हे समाजमाध्यम बंद केलं, आणि त्यावरून ब्लॉगरवर आलेल्या वाचकांच्या प्रतिक्रियाही त्याबरोबर गेल्या. ब्लॉगर मात्र 1999 मध्ये सुरू झालं, 2003 मध्ये गूगलकडे आलं आणि अजून चालू आहे. त्यावर विसंबून राहू नये, म्हणून मी दर महिन्याला सेटिंगमधून बॅकअप उतरवते. त्या फाइलमध्ये लेख येतात, छायाचित्रं येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. मूळ छायाचित्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ही फाइल वर्डप्रेसमध्ये आयात होते आणि डोमेन आपलं असलं की वाचकाला तोच पत्ता टाकून यायचं असतं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. ब्लॉगमध्येही परत यायचा रस्ता बघून मगच आत शिरावं, असं माझं मत आहे.

मीडियम या आणखी एका लेखनसेवेवर मी थोडंच लिहिलं. पान देखणं आहे, पण तिथे मराठी वाचक जवळजवळ नाही. ब्लॉगर काढणाऱ्यांपैकीच इव्हान विल्यम्स यांनी 2012 मध्ये ते सुरू केलं. जाहिरातींच्या कमाईचं विचाराल तर गूगलची ॲडसेन्स ही जाहिरातसेवा मराठी ब्लॉगला चालते. 10 डॉलर जमले की पत्ता पडताळायचा पिन पोस्टाने येतो आणि 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. छोट्या विषयावरच्या ब्लॉगने त्या आशेवर बसू नये.

चुलतभावाला आता द्राक्षबागेची छाटणी, डावणी रोग आणि बेदाण्याच्या शेडवर लिहायचंय. त्याला मी ब्लॉगरच सांगितलं. पुढे बेदाणा थेट विकायचा झाला, तर पैसे घेण्याची सोय ब्लॉगरमध्ये नीट होत नाही, त्याला स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस आणि त्यावरचं वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिनच लागेल. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतलंय, त्यामुळे तेव्हा पत्ता बदलावा लागणार नाही.