राऊहून विजयनगर: बस, मॅजिक की आगगाडी?

"राऊला फ्लॅट स्वस्तात मिळतोय, पण नोकरी विजयनगरला. रोज जमेल का गं?" मावसबहिणीचा फोन. राऊ इंदूरच्या एका टोकाला, विजयनगर दुसऱ्या. महिन्याभरात हे विचारणारी ती तिसरी. माझा उलट प्रश्न ठरलेला: गाडीचं नंतर बघू, दोन्ही टोकांना पायी किती चालायचंय?

मी राऊ आणि शहराच्या मधल्या राजेंद्रनगरात राहते आणि नोकरीला पलासियाला जाते, म्हणजे विजयनगरचा निम्म्याहून जास्त रस्ता रोजच्या पायाखालचा. त्यामुळे आधी बस. आयबस १० मे २०१३ ला सुरू झाली तेव्हा आम्हा बायकांना तर लॉटरीच लागली होती. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, एबी (आग्रा-मुंबई) रोडच्या मधोमध साडेअकरा किलोमीटरची वेगळी लेन. तिकीट स्टेशनावरच काढायचं आणि फलाट बसच्या दाराला बरोबर टेकलेला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, असं पायरी चढणं सुटलं. शेजारच्या लेनमध्ये मोटारी अडकलेल्या दिसायच्या आणि आपण खिडकीतून पुढे. (तो आनंद थोडा दुष्टच होता, कबूल.)

फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं ती लेन काढायचा आदेश दिला आणि पाडापाडी सुरू झाली. म्हणून कोणी जुन्या आठवणीवर "आयबसनं पटकन पोचशील" म्हणालं तर त्यावर घर ठरवू नकोस. वेगळी लेन नाही म्हणजे बसही त्याच गर्दीत. तरीसुद्धा रोज ठरलेल्या वेळी जाणाऱ्याला मी बसच सांगेन. महिन्याचा पास निघतो, रस्ता ठरलेला असतो आणि भाड्यावरून कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही.

मॅजिकचं, म्हणजे शेअरिंगनं चालणाऱ्या छोट्या व्हॅनचं, गणितच वेगळं. हात केला की थांबते, गल्लीच्या तोंडाशी सोडते, राऊहून राजीव गांधी चौराह्यापर्यंत यायला तीच सोयीची. पण भरल्याशिवाय हलत नाही. "बैठो मॅडम, बस निकल ही रहे हैं" ऐकल्यावर मी एकदा घड्याळ लावलं होतं, १४ मिनिटं! आणि एका पावसाळी संध्याकाळी एकानं सगळ्यांना भंवरकुआँलाच उतरवलं, "आगे नहीं जाएगी". भाडं मात्र पूर्ण घेतलं. लहान टप्प्याला मॅजिक, लांबच्या रोजच्या प्रवासाला नको.

आगगाडी सगळे विसरतात. महूकडच्या गाड्यांना राऊ, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशी स्टेशनं आहेत. ना सिग्नल, ना जाम. ऑफिस इंदूर स्टेशनाच्या आसपास, म्हणजे सियागंज, राजवाडा किंवा जेल रोडला असेल तर राऊचा फ्लॅट खुशाल घे, स्टेशनाजवळ असला तर उत्तमच. पण गाड्या मोजक्या, एक चुकली की सकाळ गेली. आणि विजयनगरला जायचं तर इंदूर स्टेशनावरून पुन्हा दुसरं वाहन आलंच, मग वाचलेला वेळ तिथे खर्ची.

मेट्रोबद्दलही विचारतात, फोटो बघून. ३१ मे २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर, ६ किलोमीटर, ५ स्टेशनं. राऊकरांच्या वाटेवर तो येतच नाही.

तर माझं मत: विजयनगरची नोकरी पक्की असेल तर पहिलं वर्ष राजेंद्रनगरात भाड्यानं राहा, राजीव गांधी चौराह्याला पायी जाता येईल असं घर बघ. राऊहून आधी मॅजिक, मग बस, म्हणजे रोज दोनदा वाट बघणं आलं. भाड्याचे पैसे जास्त जातील, जाऊ देत.

बहिणीला हे पटलेलं नाही. रविवारी ती मुक्कामाला येतेय. सोमवारी सकाळी साडेआठला मी चौराह्यावर उभी राहणार आणि ती आधी राऊला जाऊन तिथून मॅजिकनं यायचा प्रयोग करणार. फ्लॅटचं टोकन त्यानंतर.