स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काचेतील दोष तपासताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगावातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १९० ते ११०० नॅनोमीटर पल्ल्याचा डबल-बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो हे, दोन झोतांची तुलना करून, मोजणारे यंत्र) गेले काही महिने चालू आहे. त्याची वैशिष्ट्ये माहितीपत्रकात सर्वांनी वाचलेलीच असतील. मला लिहायचे आहे ते २१५ नॅनोमीटरबद्दल, कारण शुद्ध सिलिका काचेत ऑक्सिजन निखळलेल्या जागी सिलिकॉनवर उरणाऱ्या एकाकी इलेक्ट्रॉनचा, म्हणजे ई-प्राइम केंद्राचा, शोषणपट्टा तिथेच येतो.

गॅमा किरणांचा मारा झालेल्या जाड चकत्यांमध्ये हा पट्टा हळूहळू बुटका आणि माथ्यावर सपाट दिसू लागला. सेवा केंद्राने यंत्र निर्दोष ठरवून नमुन्यांवर बोट ठेवले. मला मात्र संशय होता भटक्या प्रकाशाचा, म्हणजे निवडलेल्या तरंगलांबीबाहेरच्या प्रकाशाचा. डिटेक्टरवर तो एक टक्का पोहोचत असेल, तर नमुना कितीही अपारदर्शक असला तरी शोषणांक (आरपार जाणारा प्रकाश दहापट घटला की एकाने वाढणारा आकडा) २ च्या वर जात नाही, आणि अतिनील प्रकाश देणारा ड्युटेरियम दिवा थकला की मूळ प्रकाश घटून भटक्याचे प्रमाण वाढते. म्हणून लिटरला १२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण १० मिलिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीत), पाण्याच्या तुलनेत, १९८ नॅनोमीटरवर मोजले. तिथे शोषणांक २ पेक्षा जास्त यायला हवा. तो आला नाही. हा आलेख लेखी तक्रारीला जोडल्यावरच दिवा बदलला गेला, पट्ट्याला उंची परत मिळाली, पण दिवा उपभोग्य वस्तू असल्याचे सांगून वॉरंटीतही त्याचे बिल आमच्याच माथी मारले. ते मला आजही अन्यायाचे वाटते.

मोजणी चालू असताना यंत्र ड्युटेरियम दिव्यावरून दृश्य प्रकाशाच्या दिव्याकडे वळते, तेव्हा आलेखात पडणारी पायरी सुरुवातीला मला या यंत्राचा सर्वांत मोठा दोष वाटली होती. आता तसे मत राहिलेले नाही. या दिवाबदलाची तरंगलांबी सॉफ्टवेअरमधून सरकवता येते आणि फेरिक लोहाच्या ३८० नॅनोमीटरजवळच्या पट्ट्यापासून ती लांब ठेवता येते.

घन नमुन्यांचा होल्डर कंपनी वेगळ्या आणि अवाजवी किमतीला विकते. आम्ही तो एमआयडीसीतील लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा करून घेतला, आतून काळा केला, आणि तो उत्तम चालतो. १.५२ अपवर्तनांकाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो, त्यामुळे निर्दोष काचही ९२ टक्क्यांच्या आसपासच पारेषण दाखवते. एकाच काचेच्या दोन जाडीच्या चकत्या मोजून त्यांचे गुणोत्तर घेतले की हा परावर्तनाचा वाटा निघून जातो. याच पद्धतीने, एकाच बंधाने जोडलेल्या ऑक्सिजनचा ६२० नॅनोमीटरजवळचा अतिशय क्षीण पट्टा आम्हाला दिसला, तेव्हा या यंत्रावरचा माझा राग बराच ओसरला.

मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, खोली थंड ठेवता आली नाही तर बेसलाइन (नमुन्याविना घेतलेली शून्यरेषा) सरकते. प्रत्येक नमुन्याआधी ती नव्याने घ्यावी. खरेदी करणाऱ्यांनी पोटॅशियम क्लोराईडची चाचणी स्वतःसमोर करून घ्यावी आणि ड्युटेरियम दिव्याची वॉरंटी किती तासांची, हे पैसे देण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे.