समुद्रपक्ष्यांचा आहार: ओकारी तपासावी की अंडं?

ओकारीत मासा अख्खा सापडला, तर जात लगेच कळते. पचून गेला असला तरी त्याच्या कानातला चुनखडीचा खडा, म्हणजे ओटोलिथ, बऱ्याचदा उरतो; त्याच्या घडणीवरून जात आणि मापावरून माशाची लांबी काढता येते. एवढी बारकाई अंड्यात मिळत नाही. पण ओकारी सांगते ती शेवटच्या एक-दोन जेवणांचीच गोष्ट, आणि जेलीफिशसारखं मऊ भक्ष्य तिच्यातून सहज निसटतं.

मादीने खाल्लेल्याची खूण अंड्यातल्या स्थिर समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या, न विघटणाऱ्या अणूंच्या प्रमाणात, उमटते. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीच्या दर पायरीला हजारी साधारण ३ ते ४ ने वाढतो. कार्बन-१३ वरून भक्ष्य किनाऱ्यालगतचं की खुल्या समुद्रातलं, याचा अंदाज येतो. बलक बरेच दिवस भरत असतो, पांढरा भाग मात्र अगदी शेवटी तयार होतो, म्हणून एकाच अंड्यात दोन काळ वाचता येतात. बलकातली चरबी आधी काढायलाच हवी, नाहीतर कार्बनचा आकडा फसवा येतो.

कॅनडात ग्रेट लेक्सवरच्या हेरिंग गल या कुरव पक्ष्याची अंडी १९७४ पासून प्रदूषकं मोजण्यासाठी गोळा होत आली. जपून ठेवलेल्या त्याच नमुन्यांतून पुढे या पक्ष्यांच्या आहारात मासे कमी होत गेल्याचं दिसलं. केवढी दूरदृष्टी!

दीर्घकाळच्या बदलासाठी मी अंडंच निवडेन, शक्यतो न उबवलेलं. नराचं किंवा पिल्लांचं खाणं मात्र त्यातून कळणार नाही. आणि आकड्यांचा अर्थ लावायला भक्ष्यांची यादी लागतेच. तिच्यासाठी ओकारी हवी.